भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा

१८ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी खाणीच्या ऑफिसातली, २०१२ सालची. खाण पहिल्यांदा बंद पडली तेव्हा कपाटात अशा सतरा कोऱ्या डायऱ्या उरल्या होत्या, त्या मी इब्रामपूरला घरी आणल्या. साल खोडून २०२४ केलं आहे. वारही जुळत नाहीत, ते दर पानावर दुरुस्त करतो. आधीच्या दोन डायऱ्या कमलाक्षीच्या औषधांच्या वेळांनी भरल्या. ही तिसरी, आणि हिच्यात रात्रीची एक गोळी सोडली तर औषध नाही. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, केमो झाली, किरणांचा शेक ऑगस्टात संपला. रिपोर्ट स्वच्छ. मग हिच्यात काय लिहायचं? खरं ते लिहीन म्हणतो. चोवीस वर्षं डिचोलीकडच्या खाणीत वजनकाट्यावर बसलो, एकही आकडा खोटा लिहिला नाही.

आणि पहिल्याच दिवशी खोटं बोललो.

दुपारी तीन वाजता हॉस्पिटलातून फोन आला. पूजा नावाची मुलगी. म्हणाली, उपचार संपलेल्या बायकांसाठी व्यायामाचं शिक्षण सुरू करतोय, बारा आठवड्यांचं. चालणं, हात वर नेणं, थोडं वजन उचलणं. त्याने थकवा कमी होतो. मी म्हटलं, बाई, माझी बायको पडवीच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबते आणि तुम्ही तिला कवायत शिकवणार? ती म्हणाली, "म्हणूनच तर." मी नको म्हटलं आणि ठेवला.

"कोणाचो फोन व्हतो?" कमलाक्षीने खुर्चीतून विचारलं.

"गॅसवाल्याचो."

तिला खरं सांगितलं असतं तर ती हो म्हणाली असती. तिचा स्वभाव मला सत्तावीस वर्षं ठाऊक आहे. काट्यावर ज्या ट्रकाच्या चाकांचा आक्स खराब, तो मी रिकामाच परत पाठवायचो, मालक कितीही ओरडो. इथेही तेच.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

घरातलं सगळं मी करतो. झाडू, भांडी, विहिरीवरून पाणी. बाल्दी आणताना मलाच धाप लागते, पण ते असू दे. साडेआठ ते एक मी पेडण्याला सिमेंट-सळ्यांच्या दुकानात असतो, तेवढा वेळ शेजारची जानकी येऊन बसते. जानकीचा नवरा यशवंत आमच्याच खाणीवर ट्रक चालवायचा, मूळचे ते दोडामार्गचे. ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात जानकीच हिच्याजवळ राहिली होती. फायलीवर माझ्या नंबराखाली तिचाच नंबर आहे.

आज मी पीठ मळत होतो तर ही चुलीजवळ आली. "भाकरी मी थापतंय. बसान थापूक काय होता?" मी तिच्या हातातलं पीठ काढून घेतलं आणि तिला खुर्चीत नेऊन बसवलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. जेवलीही कमीच.

संध्याकाळी सातलाच झोपली. काल दुपारचे धरून चौदा तास पडून होती, तरी सकाळी उठताना म्हणाली, अंग शिशाचं झालंय. रिपोर्ट स्वच्छ, मग हा थकवा कुठून येतो? मला भीती वाटते. तिच्यासमोर बोलत नाही, म्हणून इथे लिहितो. मला फार भीती वाटते.

२७ नोव्हेंबर, बुधवार

देवळाचा रघुनाथ आला होता, दिवजांची नावं लिहायला. माघी पुनवेला आमच्या देवळात दिवजं असतात. सवाष्णी दिवसभर उपास करतात आणि दिवेलागणीनंतर मातीचं पाच वातींचं पेटतं दिवज हातात वर धरून अनवाणी देवळाभोवती पाच फेरे घालतात. कमलाक्षीने पंचवीस वर्षं घातले. गेल्या माघात ती हॉस्पिटलात होती, ओळीत आमच्या घराची जागा रिकामी राहिली. रघुनाथने ती जागा कुणाला दिली नाही, मोकळीच चालू दिली. ते बघून मी देवळामागे जाऊन उभा राहिलो होतो.

"यंदा आमच्या घराचा दिवज आसा. लिव," कमलाक्षी खुर्चीतून म्हणाली.

रघुनाथने माझ्याकडे पाहिलं. तो निघाला तसा मी पाठोपाठ फाटकापर्यंत गेलो. म्हटलं, लिहू नको.

"पण वैनीन सांगला मा, भाऊ."

"मी सांगतंय, लिवू नको."

त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि गेला. पाच फेरे, अनवाणी, उपाशीपोटी, आणि डावा हात तर तिचा खांद्याच्या वर जात नाही. ओळीत मध्येच कोसळली तर? हे दुसरं खोटं. एका महिन्यात दोन.

६ डिसेंबर, शुक्रवार

दुकानात लाईट नव्हती म्हणून अकरालाच परत आलो. खुर्ची रिकामी. खोल्या रिकाम्या. हाका मारल्या, विहिरीत डोकावलो. हो, विहिरीत डोकावलो, लिहायला काय लाजायचं.

मग दोघी कालव्याच्या बाजूने येताना दिसल्या. कमलाक्षीचा चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, चपलांना तांबडी माती. मी काही विचारायच्या आधीच जानकी म्हणाली, "माझी शेळी सुटली व्हती भाऊ, ती बघूक गेलेलंव."

मी कमलाक्षीला बसवलं, पाणी दिलं, पंख्याने वारा घातला. जानकीला चांगलं सुनावलं की आजारी माणसाला शेळीमागे पळवतेस, अक्कल आहे का? ती मान खाली घालून उभी राहिली.

हे लिहिताना लक्षात आलं. यशवंताकडे शेळी कधी होती?

१० डिसेंबर, मंगळवार

कूस वळताना कण्हते. मांड्या धरून उठते. त्या शेळीचा एक दिवस सोडला तर दोन महिने पडवीच्या पुढे न गेलेल्या बाईच्या मांड्या कशाने दुखतील? विचारलं तर "काय नाय." हात सुजलाय का बघितला, डॉक्टरने लक्ष ठेवायला सांगितलं आहे. सूज नाही. मग काय लपवते?

१९ डिसेंबर, गुरुवार

आज जे बघितलं ते जसंच्या तसं लिहितो.

सरपण काढायला जुन्या गोठ्यात गेलो. गुरं गेली त्याला आठ वर्षं झाली, आता तिथे लाकडं आणि झावळ्या असतात. लाकडांच्या मागे पाण्याच्या दोन बाटल्या सापडल्या, लहान, अर्ध्या लिटरच्या. आत नदीची वाळू गच्च भरलेली. दोन्हींच्या गळ्याला तांबडा दोरा बांधलेला. वर बघितलं तर भिंतीवर कोळशाच्या आडव्या रेघा. एकावर एक, बोटबोट अंतराने, पाच. आणि त्यांच्याही बरीच वर, एकटी, आणखी एक रेघ. तिच्या टोकाला कोळशानेच काढलेला दिवा.

सीमेपलीकडे एक घाडी आहे. कौल लावून दुखण्यावर उतारा सांगतो. त्याच्याकडून वाळू, दोरे, रेघा घेऊन आलेले लोक मी लहानपणापासून बघतोय, आणि जन्मभर त्यांना हसत आलोय. कमलाक्षीही हसायची. ती घाडीकडे जाईल तर एकाच कारणाने. हॉस्पिटलाने हात टेकले असतील आणि तिने ते माझ्यापासून लपवलं असेल. जानकीला सगळं ठाऊक असणार. त्या दिवशी शेळीबिळी काही नव्हती, घाडीकडेच जाऊन आल्या असतील.

आणि तो दिवा. दिवा कुणाच्या उशाशी लावतात ते मला कुणी सांगायला नको. रेघा त्या दिव्याकडे चढत चालल्या आहेत.

बाटल्या होत्या तशाच ठेवल्या. हात लावला आणि उतारा मोडला तर? मॅट्रिक झालेला माणूस मी, आणि हे लिहितोय.

२४ डिसेंबर, मंगळवार

सहावी रेघ.

३१ डिसेंबर, मंगळवार

यशवंताकडे गेलो. ठरवूनच गेलो होतो की विचारायचं. त्याचा ट्रक खाण बंद पडल्यापासून फणसाखाली उभा आहे, टपावर पानांचा थर. आता खाणी पुन्हा सुरू होतायत म्हणून तो इंजिन खोलून बसला होता. तासभर शिव्या देत होता. टायर एका बाजूने चपटे, बॅटरी मेलेली, टाकीत गंज, रबरं सगळी तडकलेली.

"एक अपघात नाय, काय नाय," मी म्हटलं, "मग झाला काय असा?"

"भाऊ, गाडी चलान मरणा नाय. उभी रवान मरता." त्याने हात पुसले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "म्हयन्यातसून दोनदा तरी फिरवूक व्हयी व्हती. मी जपलंय तिका. थयच चुकलंय."

मी म्हटलं, बरोबर आहे, यंत्राला जपणं वेगळं. मग घाडीचा विषय कसा काढावा ते सुचेना. शेवटी विचारलं, जानकी हल्ली कमलाक्षीला घेऊन कुठे जाते का? तो हसला. "वैनीकच इचारा मा." म्हणजे त्यालाही ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक असेल. मीच तेवढा परका.

६ जानेवारी, सोमवार

आता वर्ष पुन्हा खोडून २०२५ केलं.

कमलाक्षी आज पडवीच्या पायऱ्या न थांबता चढली. दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुपारी झोपली नाही, तांदूळ निवडत बसली, आणि रेडिओवर काहीतरी ऐकून हसली. तो आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता.

विझायच्या आधी दिवा मोठा होतो म्हणतात. माझ्या आईचं असंच झालं होतं. जाण्याआधी चार दिवस उठून बसली, पेज मागितली, सगळ्यांना ओळखलं. आम्ही खूश झालो होतो.

मी न्हाणीत गेलो, तांब्याने पाणी ओतत राहिलो आणि रडलो. बाहेर आलो तर ही दारात. "डोळे कित्याक लाल?" म्हटलं, साबण गेला.

११ जानेवारी, शनिवार

आठ रेघा. आठव्या रेघेपासून दिव्यापर्यंत चार बोटं उरली. मी मोजली. आपली चार बोटं भिंतीला लावून मोजली, आणि नंतर हाताला कोळसा लागला तो धोतराला पुसत बसलो. सोमवारी पौषी पुनव, आणि त्यानंतरची पुनव माघाची. दर आठवड्याला एक रेघ धरली तर ती दिव्यापर्यंत माघी पुनवेच्या सुमारास पोचते. मग पुढे काय?

तपासणी २४ तारखेला आहे. डॉक्टरला एकट्याला गाठून विचारीन म्हणतो. पण तोपर्यंत हे असंच चालू द्यायचं? रात्री तिचा श्वास ऐकत पडतो. एकसारखा असतो. तो एकसारखा आहे याचीही भीती वाटते.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांत झाली. काल तिने स्वतः तिळाचे लाडू वळले, मी नको म्हणत असताना.

आज दुकानात गेलोच नाही. जानकी हिला घेऊन कालव्याकडे गेली तसा मी आडोशाने थांबलो आणि मग गोठ्यात गेलो. चुना भिजवून ठेवला होता. भिंतीला दोन हात मारले. रेघा, दिवा, सगळं गेलं. बाटल्या घेऊन कालव्याच्या वरच्या पुलावरून पाण्यात टाकल्या. घाडीचा कोप व्हायचा असेल तर माझ्यावर होवो. मला तिचा मरणाचा दिवस भिंतीवर नको आहे.

दुपारी ती गोठ्यात गेली. मी पडवीत बसून होतो. मग ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, हाताला ओला चुना लागला होता तो पदराला पुसला आणि खुर्चीत जाऊन बसली.

१६ जानेवारी, गुरुवार

खुर्चीतून उठली नाही. जानकी आली, तिला हिने हातानेच परत जायला सांगितलं.

१८ जानेवारी, शनिवार

तीन दिवस मला हवं होतं तसं सगळं झालं. ती हलत नाही. पाणी मी देतो, ताट मी देतो, गोळी मी देतो. "हो" नाही, "नको" नाही. आज संध्याकाळी पायरी चढताना पुन्हा थांबली, मधल्या पायरीवर, माझ्या खांद्याचा आधार घेऊन. मी तिचा हात धरला तर तो माझ्या हातात नुसता पडून राहिला.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी पायरीवरच बसलो आणि विचारलं, "घाड्यान काय सांगल्यान तुका? किती दिवस सांगल्यान?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "खयचो घाडी?"

मी सगळं बोललो. बाटल्या, तांबडा दोरा, रेघा, उशाशी लावायचा दिवा. माझी आई. ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मला वाटलं रडणार. ती रडली नाही.

"गॅसवाल्याचा नाव पूजा, खरा मा?" ती म्हणाली.

मी मान डोलावली.

"तुमी नाय म्हटल्यात. दुसऱ्या दिसा तिना जानकेक फोन केल्यान. फायलीत दोन नंबर आसत."

मग तिने सांगितलं. एकोणीस नोव्हेंबरपासून, मी पेडण्याला गेलो की जानकीच्या फोनवर पूजा शिकवायची. पहिल्या दिवशी पाच मिनिटं चालणं, तेही अंगणात. मग कालव्याच्या वाटेवर दहा, पंधरा, पंचवीस. खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि बसणं, त्याने मांड्या दुखायच्या. वाळूच्या बाटल्या उचलायच्या, दहा वेळा. तांबडा दोरा एवढ्यासाठी की मी त्या उचलून पाणी भरायला घेऊ नयेत. आणि डाव्या हाताची बोटं भिंतीवरून वर चालवत न्यायची, पोचतील तिथे रेघ मारायची.

"माप व्हता ता, अवो. चोवीस वर्सा काट्यार बसल्यात, आणि तुमका माप वळखाक इला नाय?"

"आणि दिवो?"

"दिवज धरूक हात जितको वर व्हयो, तितक्यार काढललंय."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही जानकीचं येणं बंद केलं असतं. खोटं काय बोलू, केलं असतं. मी म्हटलं, मी तुला जपत होतो. तेव्हा ती पहिल्यांदा चिडली.

"दुखणा झाला तेव्हा मी घाबारलंय. पण मरतलंय असा वाटूक नाय. भाकरेचा पीठ तुमी हातातला काढून घेतल्यात, त्या दिसा वाटला."

आणि पायरीवरून उठली, भिंतीला धरून आत गेली. मी आधाराला पुढे झालो नाही. धीरच झाला नाही.

१९ जानेवारी, रविवार

झोप नाही. यशवंत ट्रकाबद्दल बोलत नव्हता हे मला आज पहाटे कळलं. एकोणीस दिवस लागले.

सकाळी नदीवरून वाळू आणली, दोन बाटल्या भरल्या, तांबडा दोरा शोधून बांधला आणि तिच्या खुर्चीशेजारी ठेवल्या. मग गोठ्यात तिच्याबरोबर गेलो. तिने डाव्या हाताची बोटं चुन्यावरून वर नेली. कपाळाला आठ्या पडल्या, दात आवळले. मला तिचा हात धरून खाली आणावासा वाटला. बोटं थांबली तिथे तिने मला कोळसा दिला.

मी रेघ मारली. ती भिंतीतल्या एका खाचेवरून अंदाज घेऊन म्हणाली, "आठवेच्या दोन बोटां खाल." तीन दिवसांत दोन बोटं. ती मी खाल्ली. पुनवेला चोवीस दिवस आहेत.

२४ जानेवारी, शुक्रवार

पणजीला तपासणी. सगळं ठीक, डॉक्टरने पुढची तारीख मेची दिली. पूजा भेटली. चष्मेवाली, लहानखुरी, आमच्या घरी असती तर मी तिला बाल्दीही उचलू दिली नसती. मी म्हटलं, फोनवर मीच होतो. ती म्हणाली, "हो, आवाज ओळखला." बाकी काही लावून बोलली नाही. त्याने जास्त लागलं.

मी वही काढून प्रश्न विचारले. थकवा असताना चालायचं कसं? म्हणाली, वाईट दिवशी कमी चालायचं, पण अगदीच सोडायचं नाही. पडून राहिलं की स्नायू जातात, मग तेवढ्याच कामाला जास्त थकवा येतो, मग माणूस आणखी पडून राहतो. किती जोरात चालायचं ते कसं कळणार? "बोलता येईल इतक्याच जोरात. शेजारच्याशी बोलता येईनासं झालं की वेग कमी करायचा." दिवजांचं विचारलं. ती डॉक्टरशी बोलून आली आणि म्हणाली, कडक उपास नको, दूध-फळं घेऊन करा. हात दुखला तर खाली घ्यायचा, दुखून वर धरायचा नाही. कमलाक्षीने मान डोलावली. मी तीही वहीत लिहिली.

२६ जानेवारी, रविवार

रघुनाथकडे गेलो, नाव लिहायला सांगायला. वाटभर काय बोलायचं ते जुळवत होतो. त्याने वही उघडली आणि माझ्यापुढे धरली. आमच्या घराचं नाव, खाली कमलाक्षी, २७ नोव्हेंबरच्याच पेन्सिलीने.

"मी नको म्हटललंय मा तुका?"

"दिवज बायलेचा. बायलेन सांगल्यान, मी लिवलंय," तो म्हणाला. "तुमका इचारूक मी येवकच नव्हतंय, भाऊ."

५ फेब्रुवारी, बुधवार

गेले तीन दिवस तिचा थकवा परत आला. कालव्यावर दहा मिनिटांत माघारी फिरली. रेघ जिथल्या तिथे. जानकी म्हणते असं होतं, पूजाने सांगितलंय. मी दोनदा खुर्ची आणायला उठलो आणि दोनदा बसलो. दिव्याची रेघ मी पुन्हा काढून दिली आहे. तिच्यापासून अजून अडीच बोटं आहेत. सात दिवस.

१० फेब्रुवारी, सोमवार

एक बोट.

१२ फेब्रुवारी, बुधवार. माघी पुनव

देवळातून आत्ताच आलो. हात अजून बधिर आहे, अक्षर वाईट येईल.

दिवेलागण झाली तसा ढोल वाजला आणि बायका ओळीत उभ्या राहिल्या. कमलाक्षी नवव्या जागेवर. हिरवी साडी, अनवाणी. दिवजाच्या पाच वाती पेटवल्या. तिने ते दोन्ही हातांत धरून वर नेलं. उजवा हात सहज गेला. डावा अडला, थांबला, मग आणखी वर गेला. कपाळाच्या जरा खाली राहिला. एवढं अंतर दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही, मला आलं.

मी पुरुषांच्या बाजूला यशवंताशेजारी उभा होतो. पहिला फेरा, दुसरा फेरा. ती पुढच्या बाईच्या पाठीकडे बघत चालत होती. तिसऱ्या फेऱ्यात तेल कलंडून तिच्या मनगटावर ओघळलं, ती थांबली नाही. चौथ्या फेऱ्यात देवळाच्या मागच्या कोपऱ्यावर तिची पावलं लहान झाली. पुढची बाई दोन हात पुढे गेली. ओळीत फट पडली. मागच्या बायका थांबल्या. ढोलवाल्यानेही मान वळवली.

मी दोन पावलं पुढे गेलो होतो. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो, माझे हात दिवजाकडे पुढे झाले होते. तेवढ्यात तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पीठ काढून घेतलं त्या दिवशी बघितलं होतं तसं.

मी हात मागे नेले. पाठीमागे एका हाताने दुसरं मनगट गच्च धरलं आणि तिथेच उभा राहिलो.

तिने डावा हात वीतभर खाली घेतला, पूजाने सांगितलं होतं तसा. तीन श्वास घेतले, मी मोजले. पुन्हा वर नेला आणि चालू लागली. फट भरली. पाचवा फेरा मी नीट बघितला नाही, डोळ्यांना पाणी होतं. यशवंत म्हणाला, "भाऊ, सोडा आता त्या हाताक. काळो पडलो."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नऊ तास झोपली. उठून पडवीत आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "दमलंय गे बाय." आपल्याशीच म्हणाली. दीड वर्षात हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे आणि दरवेळी खुर्ची आणायला धावलो आहे. आज धावलो नाही. पाच फेरे घालून आलेलं माणूस दमणारच.

मग पीठ मागितलं. मी परात पुढे सरकवली. भाकऱ्या तिच्या वाकड्याच येतात, पहिल्यापासून.

१७ फेब्रुवारी, सोमवार

यापुढे रोज साडेसहाला मीही कालव्यावर यायचं असं ठरलं आहे. ठरवलं तिनेच. आज पहिला दिवस. मी म्हटलं, माझं काय, मी धडधाकट माणूस, तुझ्याबरोबर रमतगमत येईन.

पुलापर्यंत अर्धा तास लागतो. ती सगळी वाट बोलत होती. केमोच्या दिवसांतलं, हॉस्पिटलातल्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचं, खुर्चीत बसून तिने काय काय मनात म्हटलं त्याचं, माझ्याबद्दलचंही. दीड वर्षाचं साचलेलं. दोनतीन ठिकाणी मला उत्तर द्यायचं होतं, माझी बाजू सांगायची होती.

पण मला इतकी धाप लागली होती की बोलता येत नव्हतं. मी नुसता ऐकत चाललो.